हाताचे सामर्थ्य, हाताची मर्यादा

मराठी भाषेने माणसाच्या पाठीला जो मान दिला आहे, तो क्वचितच दुसऱ्या एखाद्या अवयवाच्या वाट्याला आला असेल. संकटात जो सोडून जात नाही तो पाठीशी उभा राहतो आणि जो सोडून जातो तो पाठ फिरवतो. शाबासकी द्यावयाची तर आपण पाठ थोपटतो. आपल्यानंतर जन्मलेल्या भावंडाला ‘पाठचा भाऊ’, ‘पाठची बहीण’ म्हणतो. स्वाभिमानाने जगणाऱ्याचा कणा ताठ असतो आणि लाचाराला कणाच नसतो. हाडांच्या एका माळेवर भाषेने एवढा भार टाकावा यात नवल नाही. वाडीत पाणी शिंपणाऱ्या, केळीचे घड खांद्यावरून वाहणाऱ्या, भाजीच्या टोपल्या डोक्यावरून बाजारास नेणाऱ्या आपल्या वाडवडिलांचे सारे आयुष्य पाठीच्याच बळावर उभे होते. कर्त्या माणसाची कंबर धरली की घराचा गाडा अडत असे.

आमची पाठची बहीण गेली कित्येक वर्षे कॅनडात टोरांटो शहराजवळ राहते. एका गोदामात खोकी उचलण्याचे आणि रचण्याचे काम ती करते. मागे एकदा तिची कंबर अशी धरली की तिला खुर्चीतून उठणे अशक्य झाले. सोबतच्या बाईने तिला एका कायरोप्रॅक्टरकडे नेले. पाच-सहा खेपांत तिला पुष्कळ उतार पडला आणि ती कामावर रुजू झाली. त्यानंतर त्या गृहस्थाने तिला आपल्या शास्त्राचे तत्त्वज्ञान समजावून सांगितले. शरीरात एक उपजत प्रज्ञा आहे, ती मज्जातंतूंतून वाहते, मणके सरकले की तिची वाट अडते आणि म्हणून रोग होतो. तेव्हा मुलांनाही दर महिन्यास घेऊन या, कणा सरळ असेल तर कानाची दुखणी, दमा, ताप यांचे भय नाही आणि लसी टोचून घेण्याचीही मग तेवढी निकड उरत नाही, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ होता. बहिणीने आम्हांस फोन केला. ‘दादा, त्याच्या हाताला गुण आहे, ते मी नाकारणार नाही. पण तो सांगतो ते सगळंच खरं मानायचं का? मुलांचा प्रश्न आहे.’

एवढ्याशा प्रश्नाचे उत्तर फोनवर देण्याजोगे नव्हते. आम्ही वैद्य नव्हे. परंतु ज्या विचारावर एका आईने आपल्या मुलांविषयी निर्णय घ्यावयाचा, तो विचार कोठून आला आणि कशावर उभा आहे, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटले. शिवाय आता आपल्याकडे मुंबई-पुण्यातही कायरोप्रॅक्टरांच्या पाट्या दिसू लागल्या आहेत आणि मान मोडल्याचा ‘कट्’ असा आवाज ऐकविणाऱ्या चित्रफिती आपली तरुण मुले मोबाइलवर आवडीने पाहतात. तेव्हा हा प्रश्न एकट्या आमच्या बहिणीचा राहिलेला नाही.

या विद्येचा जनक डॅनियल डेव्हिड पामर. त्याचा जन्म ७ मार्च १८४५ रोजी कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, म्हणजे आमची बहीण आज राहते त्याच मुलखात झाला. विशीत असताना, १८६५ साली तो अमेरिकेत गेला. तेथे त्याने शाळामास्तरकी केली, मधमाश्या पाळल्या, रासबेरीची लागवड केली, किराणा मालाचे दुकान चालविले. पुढे त्याने चुंबकीय उपचारांचा, म्हणजे रोग्याच्या अंगावर हात ठेवून आपल्यातील जीवनशक्ती त्याला देण्याचा व्यवसाय पत्करला आणि आयोवा राज्यात मिसिसिपी नदीकाठच्या डॅव्हनपोर्ट या गावी दवाखाना थाटला. मृतात्म्यांशी संवाद साधता येतो, या त्या काळी तेथे पसरलेल्या मतावरही त्याचा विश्वास होता. आपल्या विद्येच्या मूळ कल्पना एका दिवंगत वैद्याच्या आत्म्याकडून आपणांस मिळाल्या, असेही त्याने लिहून ठेवले आहे.

१८ सप्टेंबर १८९५ हा दिवस कायरोप्रॅक्टिकचा जन्मदिवस मानला जातो. पामरचा दवाखाना ज्या इमारतीत होता, तेथे हार्वे लिलार्ड नावाचा एक कृष्णवर्णीय गृहस्थ झाडलोटीचे काम करीत असे. त्याला ऐकू येत नव्हते. सतरा वर्षांपूर्वी अवघडून वाकलो असता पाठीत काहीतरी निसटल्यासारखे झाले आणि तेव्हापासून कान गेले, असे त्याने पामरला सांगितले. पामरने पाठ तपासली, त्याला एक मणका पुढे आलेला वाटला, तो त्याने हाताने दाबून बसविला आणि लिलार्डला पुन्हा ऐकू येऊ लागले, अशी पामरची हकीकत आहे. लिलार्डच्या मुलीने पुढे सांगितलेली हकीकत याहून निराळी आहे. तिचे वडील एका मित्राशी थट्टामस्करी करीत होते, ती ऐकून पामर बाहेर आला, हातातल्या पुस्तकाने त्याने त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि काही दिवसांनी वडिलांना थोडे बरे ऐकू येऊ लागले, असे ती म्हणते. शरीररचनाशास्त्र एवढेच सांगते की, ऐकण्याचा मज्जातंतू कानापासून मेंदूपर्यंत कवटीच्या आतूनच जातो. पाठीच्या मणक्यांशी त्याचा संबंध येत नाही.

एका लिलार्डवर पामर थांबला असता तर ही एका गावची आख्यायिका होऊन राहिली असती. परंतु पाठोपाठ हृदयविकाराच्या एका रोग्यास त्याने तसेच बरे केले असे त्याला वाटले, आणि दोन उदाहरणांवरून त्याने सर्व मानवजातीसाठी सिद्धान्त मांडला. शंभरांपैकी पंचाण्णव रोग सरकलेल्या मणक्यांमुळे होतात आणि उरलेले पाच इतर सांधे सरकल्यामुळे, असे तो सांगू लागला. त्याचे एक रोगी रेव्हरंड सॅम्युएल वीड या नावाचे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक होते. त्यांनी ग्रीक भाषेतील ‘हात’ आणि ‘कृती’ हे दोन शब्द जोडून या विद्येला नाव दिले. कायरोप्रॅक्टिक म्हणजे हाताने केलेले काम. नाव इतके साधे आणि प्रामाणिक आहे की ज्याने ते सुचविले त्याचे कौतुक वाटते. १८९७ साली डॅव्हनपोर्टला या विद्येची शाळा सुरू झाली.

पामरवर अन्याय होऊ नये म्हणून त्या काळाकडेही पाहिले पाहिजे. रोग्यास पाऱ्याची औषधे देणे तेव्हा सर्रास चाले. अफू आणि मद्यार्क मिसळलेल्या बाटल्या दुकानादुकानांतून विकल्या जात. क्ष-किरणांचा शोधच मुळी त्याच वर्षी, लिलार्डच्या घटनेनंतर दोन महिन्यांच्या आत लागला. तोवर शरीर न उघडता जिवंत माणसाचा मणका डोळ्यांनी पाहता येत नव्हता. औषधांच्या त्या मारापुढे रोग्याला दोन हातांचा स्पर्श सुखद वाटला असेल, तर त्यात अस्वाभाविक काही नाही. मणके हाताने बसविण्याची कला आपण शोधली, असा दावाही पामरने केला नाही. ती फार प्राचीन आहे हे त्याला ठाऊक होते. मणक्याच्या मागच्या आणि बाजूच्या टोकांचा तरफेसारखा उपयोग करणारे आपण पहिले, एवढेच त्याचे म्हणणे होते.

आता त्याचे तत्त्वज्ञान पाहू. माणसाच्या कण्यात मानेचे ७, छातीमागचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ हलते मणके असतात. त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो आणि मणक्यांच्या मधल्या छिद्रांतून मज्जातंतूंच्या जोड्या साऱ्या शरीरात पसरतात. पामरच्या मते या विश्वात एक विश्वप्रज्ञा आहे आणि तिचाच एक अंश प्रत्येक जिवात उपजत प्रज्ञा म्हणून वास करतो. अन्न पचविणे, जखम भरून आणणे, हृदय चालविणे ही कामे माणूस शाळेत शिकत नाही. ती या उपजत प्रज्ञेची कामे. मेंदूतून निघून मज्जातंतूंवाटे ती अवयवांना आज्ञा देते. मणका किंचित सरकला की त्या आज्ञेत बिघाड होतो. या सरकण्याला त्याने ‘सब्लक्सेशन’ म्हटले. मज्जातंतूंचा ताण वाजवीपेक्षा वाढला किंवा घटला की रोग. वैद्याने बाहेरून काही घालावयाचे नाही. हाताने अडथळा काढावयाचा आणि बाजूस व्हावयाचे. बरे करणारी शक्ती आत आहेच.

पामरचा मुलगा बार्टलेट जोशुआ याने हा विचार देशभर नेला. १९२७ साली स्टीफनसन नावाच्या त्यांच्या अनुयायाने या तत्त्वज्ञानाचे पाठ्यपुस्तक लिहिले आणि त्यात ३३ तत्त्वे क्रमवार मांडली. विश्वप्रज्ञा सर्व जडवस्तूंत असून तीच त्यांना अस्तित्वात ठेवते, हे त्यांतले पहिले. प्रज्ञा, शक्ती आणि जडद्रव्य या तिहींच्या ऐक्याने जीवन होते, हे चौथे. प्रत्येक क्रियेला काळ लागतो, हे सहावे. आणि चोविसावे तत्त्व मर्यादेचे आहे. उपजत प्रज्ञा शरीरासाठी जे करते ते सृष्टीचे नियम मोडून करू शकत नाही आणि जडद्रव्याच्या मर्यादा तिलाही आहेत, असे ते सांगते. वाचकहो, हे चोविसावे तत्त्व आम्हांस साऱ्या मांडणीत अधिक शहाणपणाचे वाटले. दुर्दैव एवढेच की, ज्यांनी ते पाठ केले त्यांपैकी पुष्कळांनी ते प्रज्ञेला लावले, आपल्या हातांना लावले नाही.

हे तत्त्वज्ञान एवढे ठाम का झाले, याचे एक कारण न्यायालयात सापडते. परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल १९०६ साली पामरला शिक्षा झाली. दंड भरण्याऐवजी त्याने तुरुंगात जाणे पसंत केले. पुढच्याच वर्षी, १९०७ साली, विस्कॉन्सिन राज्यात ला क्रॉस येथे मोरिकुबो नावाच्या जपानी कायरोप्रॅक्टरवर खटला भरण्यात आला. परवाना नसताना त्याने ऑस्टिओपॅथीचा व्यवसाय केला, असा आरोप होता. ऑस्टिओपॅथी ही मिसुरीच्या अँड्र्यू टेलर स्टिल यांची, हाडे आणि सांधे हाताळण्याचीच त्याआधीची पद्धती. बाहेरून पाहणाऱ्याला दोहोंत फारसा फरक दिसू नये. मोरिकुबोचे वकील टॉम मॉरिस यांनी युक्तिवाद केला की, कायरोप्रॅक्टिकचे शास्त्र वेगळे आहे, कला वेगळी आहे आणि मुख्य म्हणजे तत्त्वज्ञान वेगळे आहे. पंचांनी आरोपीस निर्दोष ठरविले.

त्या दिवसापासून तत्त्वज्ञान ही या व्यवसायाची ढाल झाली. ‘आम्ही रोगाचे निदान करीत नाही, औषध देत नाही, आम्ही केवळ उपजत प्रज्ञेची वाट मोकळी करतो’ असे म्हणून परवान्याचा कायदा आपल्याला लागू होत नाही, असा बचाव केला जाई. पुढे शेकडो कायरोप्रॅक्टर तुरुंगात गेले. १९११ साली पामरने एका पत्रात आपल्या विद्येला धर्माचेच रूप द्यावे काय, असाही विचार बोलून दाखविला. १९१३ साली कॅन्सस राज्याने परवान्याचा पहिला कायदा केला, १९२२ साली कॅलिफोर्नियात लोकांनी थेट मतदानाने तो करवून घेतला आणि लुइझियाना या शेवटच्या राज्यात तो १९७४ साली झाला. जी मांडणी संकटात उपयोगी पडली, ती मग सोडवेना. केवळ मणकेच बसवावेत असे मानणारे शुद्धपंथी आणि व्यायाम, शेक, मालीश यांचीही जोड देणारे मिश्रपंथी असे दोन तट पडले. रोगजंतू आणि लसी यांना मूळ पामरांनी नाकारले होते. त्या नकाराचे ओझेही काहींनी पुढे वाहिले. स्वतः डॅनियल पामर १९१३ साली लॉस एंजेलिस येथे विषमज्वराने वारला. रोगजंतूने होणाऱ्या तापाने त्याचा अंत व्हावा, यावर टीका करण्याची आमची इच्छा नाही. मृत्यूपुढे सगळेच सिद्धान्त नम्र होतात.

मर्यादेचा विषय निघाला, म्हणून आमच्या घरातली एक हकीकत सांगणे प्राप्त आहे. हाताने बरे करणारी माणसे आपल्या गावांनाही नवी नाहीत. पायाळू माणसाने, म्हणजे पायांकडून जन्मलेल्याने, पाठीला पाय लावला की उसण जाते, अशी समजूत मराठी मुलखात जुनी आहे. आमच्या लहानपणी अशा व्यक्तीला बोलावणे धाडले जाई आणि तीही नाही म्हणत नसे. निखळलेला खांदा, मुरगळलेला पाय यांसाठी हाडवैद्य असत. आमच्या शेजारच्या गावी असे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले असेल-नसेल. पण पंचक्रोशीतील किती हाडे त्यांनी बसविली याची गणती नव्हती.

१९८९ साली आमचे थोरले बंधू पाठीच्या दुखण्याने हैराण झाले. ते तेव्हा तिशीत होते. वाडीतल्या कामाने पाठ भरली असेल म्हणून घरच्यांनी दोन महिने शेक आणि तेल यांवर काढले. अखेर वडिलांनी त्यांना बैलगाडीत घालून त्या वृद्धांकडे नेले. आई आणि आम्ही बरोबर होतो. बंधूंना पालथे निजविण्याऐवजी त्यांनी आधी समोर बसविले आणि विचारले, ‘रात्री दुखतं का रे?’ बंधू म्हणाले, ‘रात्रीच जास्त.’ ‘संध्याकाळी अंग कोमट होतं?’ आईने मान डोलावली. ‘जेवण?’ आई म्हणाली, ‘सुटल्यातच जमा आहे. सदरे ढगळ झालेत त्याला.’ मग त्यांनी मानेपासून खाली एकेका मणक्यावरून बोट फिरवीत नेले. पाठीच्या मध्याखाली ते बोट थांबले. तेथे त्यांनी हलकेच एकदा टिचकी मारली आणि बंधू कळवळले. म्हाताऱ्यांनी हात मागे घेतला आणि तेलाच्या वाटीवर झाकण ठेवले.

‘बाय,’ ते आईला म्हणाले, ‘हे माझ्या हाताचं काम नाही. याला उद्याच मोठ्या इस्पितळात न्या आणि फोटो काढा.’

वडील अजिजीने म्हणाले, ‘काका, एवढ्या लांबून आलोय. निदान तेल तरी लावा.’

‘तेल लावलं तर तुम्ही आठ दिवस गुणाची वाट बघाल,’ म्हातारे म्हणाले. ‘याचे ते आठ दिवस मला घालवायचे नाहीत.’

इस्पितळात निदान झाले ते मणक्याच्या क्षयाचे. फुप्फुसाचा क्षय सर्वांना ठाऊक असतो. पण तोच जंतू रक्तावाटे मणक्यात जाऊन बसतो आणि हाड आतून पोखरतो, हे आमच्या घरी कोणास ठाऊक नव्हते. पोखरलेला मणका ढासळला तर मज्जारज्जू चेपतो आणि कमरेखालचे अंग लुळे पडते. डॉक्टर आम्हांस म्हणाले, ‘या पाठीवर कोणी जोर दिला असता तर काय झालं असतं, ते न बोललेलं बरं.’ बंधूंनी कित्येक आठवडे पाठीवर पडून काढले, पट्टा बांधला आणि वर्षाहून अधिक काळ न चुकता गोळ्या घेतल्या. आज ते नातवंडांना खांद्यावर घेतात. पाठीला किंचित बाक राहिला आहे एवढेच. त्या वृद्धांना कृतज्ञतेने काही द्यावे म्हणून वडील पुन्हा त्यांच्याकडे गेले, तेव्हा ‘मी केलं काय?’ असे म्हणून त्यांनी ते परत केले. त्यांनी हात लावला नाही, हेच त्यांनी केले होते.

विश्वप्रज्ञेचे तत्त्वज्ञान त्या म्हाताऱ्यांजवळ नव्हते. परंतु आपल्या हाताखालची प्रत्येक पाठ आपल्यासाठीच दुखते असे नाही, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. ज्या सिद्धान्तानुसार शंभरांतले पंचाण्णव रोग मणका सरकल्याने होतात, त्या सिद्धान्ताचा माणूस त्या जागी असता, तर त्याने तो पुढे आलेला मणका पाहून काय केले असते, हा विचार आमच्या मनातून जात नाही. आजच्या सुशिक्षित कायरोप्रॅक्टरला अशी धोक्याची चिन्हे ओळखण्यास शिकविले जाते, हेही येथे न्यायाने सांगितले पाहिजे. म्हणजे व्यवहारात या व्यवसायाने मर्यादेचे ते तत्त्व आपल्या हातांना लावण्यास आरंभ केला आहे.

मग हाताचे खरे सामर्थ्य किती? मणका बसविताना जो आवाज होतो, तो हाड जागेवर गेल्याचा नसतो. सांध्याचे दोन भाग झटकन दूर झाले की त्यांच्यामधील द्रवात वायूची पोकळी निर्माण होते, त्याचा तो आवाज. आवाज मोठा म्हणजे गुण मोठा, असे काही नाही. परंतु कमरेच्या साध्या दुखण्यात मणके हाताळण्याच्या या उपचाराने काहींना उतार पडतो, हे वैद्यकानेही मान्य केले आहे. २०१७ साली अमेरिकेतील वैद्यांच्या एका प्रमुख संस्थेने कंबरदुखीवर औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांत शेक, मालीश यांच्या जोडीने या उपचाराचा समावेश केला. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही जुनाट कंबरदुखीसाठी, काही अटींवर, त्याला स्थान दिले. हा गुण व्यायामासारख्या इतर उपायांहून फार मोठा आहे असे दिसलेले नाही आणि पुष्कळ कंबरा काळ गेला की आपोआपही सुटतात. दमा, कानाची दुखणी, रोगप्रतिकार यांसाठी मात्र असा विश्वासार्ह पुरावा मिळालेला नाही. मानेला जोराचा हिसका दिल्याने रक्तवाहिनीस इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे विरळ असली तरी नोंदलेली आहेत.

वैद्यकाच्या बाजूनेही सारेच निर्मळ होते असे नव्हे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपल्या सभासदांना कायरोप्रॅक्टरांशी व्यावसायिक संबंध ठेवण्यास मनाई केली होती. त्याविरुद्ध १९७६ साली दावा दाखल झाला आणि १९८७ साली न्यायाधीश सुझन गेटझेंडॅनर यांनी ही संघटना व्यवसायात बेकायदा अडथळा आणण्याच्या कटाची दोषी असल्याचा निकाल दिला. १९९० साली अपिलातही तो कायम राहिला. त्या निकालाने उपजत प्रज्ञेचा सिद्धान्त खरा ठरला असे नाही. एका व्यवसायाने दुसऱ्याला संपविण्याचा प्रयत्न करू नये, एवढेच ठरले. सिद्धान्ताविषयीचा स्पष्ट कबुलीजबाब पुढे २०१० साली ब्रिटनमधील कायरोप्रॅक्टरांच्याच नियामक मंडळाने दिला. सब्लक्सेशन ही एक ऐतिहासिक कल्पना असून ती रोगाचे कारण असल्याचा पुरावा नाही, असे त्याने जाहीर केले. स्वतःच्या घरातील मूर्ती स्वतः हलविण्यास धैर्य लागते. ते त्या मंडळाने दाखविले.

आपण भाविक कुटुंबे आहोत, म्हणून आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. विश्वाला धारण करणारी प्रज्ञा, तिचा माणसातील अंश, हातांच्या स्पर्शाने आरोग्य, ही भाषा आपल्या कानांना परिचित वाटते आणि म्हणूनच सावध राहणे आवश्यक आहे. आत्मा हा मज्जातंतूंतून वाहणारा प्रवाह नव्हे की जो हाडाने अडावा. संत थॉमस अक्वायनस यांनी आत्मा आणि शरीर यांचे एकत्व ज्या खोलीने मांडले, त्यात पाठीने अधू झालेला माणूस काही कमी जिवंत ठरत नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील ती अठरा वर्षे वाकलेली स्त्री आठवा. प्रभू येशूने तिच्यावर हात ठेवले आणि ती सरळ झाली. परंतु अब्राहामाची कन्या म्हणून तिचा जो मान प्रभूने सर्वांसमक्ष सांगितला, तो तिला सरळ झाल्यामुळे मिळालेला नव्हता. वाकलेली असतानाही ती अब्राहामाची कन्याच होती. आमच्या बंधूंच्या पाठीकडे पाहताना आम्हांस हे अनेकदा आठवते. आणि जुन्या करारात सिराखाच्या पुस्तकाचा ३८ वा अध्याय वैद्याचा मान राखावयास आणि भूमीतून उपजलेल्या औषधांचा अव्हेर न करण्यास सांगतो, तोही विसरू नये.

बहिणीला आम्ही लिहिले ते थोडक्यात असे. कंबर पुन्हा धरली तर त्या गृहस्थाकडे अवश्य जा. त्याच्या हाताने तुला उभे केले, त्याचे उपकार मान. त्याने शिकविलेले व्यायाम करीत जा. मुलांना मात्र मुलांच्या डॉक्टरांकडे ने आणि त्यांच्या लसी वेळेवर पुऱ्या कर. तेथे त्याच्या हाताची हद्द संपते. तिने तसेच केले. तिने हे त्या गृहस्थाला सांगितले, तेव्हा तो काही काळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की, आईचा निर्णय तो मानतो. तिच्या कमरेसाठी ती अधूनमधून त्याच्याकडे जाते.

आपल्या देशात आयुर्वेद किंवा होमिओपॅथी यांच्याप्रमाणे कायरोप्रॅक्टिक ही कायद्याने मान्यता दिलेली स्वतंत्र पद्धती नाही. त्यामुळे पाटी लावणाऱ्याचे शिक्षण काय आणि कोठे झाले, हे रोग्यानेच विचारावयास हवे. पाठ दुखते म्हणून आपण कोणाकडेही गेलो, मग तो हाडवैद्य असो, फिजिओथेरपिस्ट असो वा कायरोप्रॅक्टर असो, तरी तो आधी प्रश्न विचारतो की आधी हात लावतो, हे पाहावे. रात्रीचे दुखणे, संध्याकाळचा ताप, उतरत जाणारे वजन, पायांत येणारी बधिरता, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, पूर्वीचा कर्करोग, वयाने ठिसूळ झालेली हाडे यांची तो चौकशी करतो काय, हे पाहावे. किती खेपांत गुण येईल आणि न आल्यास पुढे कोठे जावे, हे त्याला विचारावे. आपल्या हाताने होणार नाही अशी एखादी तरी गोष्ट त्याला सांगता आली, तर त्याच्या हाती पाठ द्यावयास हरकत नाही. ज्याला तशी एकही गोष्ट सांगता येत नाही, त्याचे तत्त्वज्ञान कितीही उदात्त असले, तरी आपला सदरा चढवून घराची वाट धरावी, हे बरे.